खलनायकाचा नकार

‘कासाब्लांका’ (1942) मी पहिल्यांदा फिल्म सोसायटीच्या खेळाला पाहिला, तेव्हा मेजर श्ट्रासरचा मनापासून राग आला होता. हे काम करणारा कॉनराड फाइट स्वतः नाझींना नाकारून जर्मनीतून बाहेर पडला होता, हे फार नंतर वाचले. मग ती भूमिका पुन्हा पाहणे भाग पडले.

1893 साली बर्लिनमध्ये जन्मलेला फाइट जगाला ठाऊक झाला तो ‘डॉ. कॅलिगारी’ (1920) या मूकपटातल्या सेझारमुळे. सेझार म्हणजे दुसऱ्याच्या हुकमाने झोपेत खून करणारा माणूस. 1933 मध्ये हिटलर सत्तेवर आला. त्याच वर्षी फाइटने लिली प्रेगर या ज्यू स्त्रीशी लग्न केले आणि इंग्लंड गाठले. तो स्वतः ज्यू नव्हता. तरी सरकारी अर्जात वंशापुढे त्याने ‘ज्यू’ असे लिहिले, ही कथा त्याच्याविषयी नेहमी सांगितली जाते. मला त्या कथेपेक्षा पडद्यावरचा पुरावा मोलाचा वाटतो. 1934 च्या ब्रिटिश ‘ज्यू स्यूस’मध्ये त्याने ज्यू नायक सहानुभूतीने उभा केला. याच नावाने 1940 मध्ये नाझी राजवटीने विखारी प्रचारपट काढला. नाव एकच, पण एका चित्रपटात माणूस आहे आणि दुसऱ्यात केवळ द्वेष.

अर्थात, फाइटपाशी कीर्ती होती आणि बाहेर पडायला वाट होती. योआखिम गॉटशाल्क हा नट जर्मनीतच राहिला. ज्यू पत्नीला सोडण्याचा दबाव त्याने मानला नाही. 1941 च्या नोव्हेंबरात पती, पत्नी आणि लहान मुलगा या तिघांचाही अंत झाला. या किमतीशेजारी फाइटचा नकार ठेवूनच त्याचे मोजमाप करायला हवे.

तरीही श्ट्रासरपाशी मी थांबतो. फाइटने त्याला आरडाओरडा करणारा राक्षस केलेले नाही. तो अदबीने बोलतो, उंची मद्य मागवतो, आणि त्याच सुरात धमकी देतो. सुसंस्कृतपणा आणि क्रौर्य एका अंगात सुखाने नांदू शकतात, हे फाइटने त्यात नेमके दाखवले. कॅफेतल्या गाण्याच्या प्रसंगात त्याचे अधिकारी जर्मन गीत गातात. उत्तरादाखल सारे गिऱ्हाईक फ्रेंच राष्ट्रगीत म्हणू लागते. श्ट्रासर आपल्या माणसांना जोर लावायला सांगतो, आणि मग त्याचा हात खाली येतो. त्या गर्दीतले कितीतरी चेहरे युरोपातून पळून आलेल्या खऱ्या निर्वासितांचे होते. त्यांचा आवाज वर चढावा म्हणून त्यांच्यातल्याच एकाने हरणाऱ्याचा गणवेश घातला होता.

3 एप्रिल 1943 रोजी, पन्नासाव्या वर्षी, फाइट हृदयविकाराने गेला. नाझींचा पाडाव त्याला पाहायला मिळाला नाही. मात्र त्या कॅफेत तो रोज हरतो. आता श्ट्रासरचा हात खाली येताना दिसला, की मला फाइटचा नकार दिसतो.