नव्या मराठी गाण्याची प्रसारणवेळ : खासगी एफएम नभोवाणीच्या संगीतधोरणाची चिकित्सा

सारांश :
खासगी एफएम वाहिन्यांवर मराठी गाणी पुरेशी ऐकवली जात नाहीत, या तक्रारीची चर्चा बहुधा भाषिक अस्मितेच्या अंगाने होते. प्रस्तुत लेखात हा प्रश्न ‘मराठी’ या शब्दाऐवजी ‘नवे’ या शब्दावर भर देऊन तपासला आहे. आकाशवाणीची गीतनिर्मितीची परंपरा, खासगी वाहिन्यांची गीतनिवडीची पद्धत आणि फ्रान्स व कॅनडा या देशांतील तरतुदी यांच्या आधारे, केवळ भाषेचे प्रमाण ठरवून नव्या गाण्याला जागा मिळणार नाही, असे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : नभोवाणी, भावगीत, प्रसारणवेळ, गीतसूची, समुदाय नभोवाणी

प्रस्तावना :
मुंबईत २००२ मध्ये खासगी एफएम वाहिन्या सुरू झाल्या. या वाहिन्यांवर मराठी गाण्याला स्थान नाही, ही तक्रार तेव्हापासून वेगवेगळ्या व्यासपीठांवरून मांडली गेली आहे. तक्रार खरी आहे. परंतु तिची मांडणी अपुरी आहे. समजा, उद्या एखाद्या वाहिनीने रोज चार तास मराठी गाणी लावण्याचे मान्य केले, तर त्या चार तासांत काय ऐकू येईल? गेल्या काही वर्षांतील गाजलेल्या चित्रपटांची गाणी, सणासुदीची गाणी आणि रात्री उशिरा साठ-सत्तरच्या दशकांतील भावगीते. भाषेची मागणी पूर्ण होईल. मात्र आज एखाद्या तरुण संगीतकाराने आजच्या कवीची कविता घेऊन केलेले चित्रपटबाह्य गाणे त्या चार तासांतही बहुधा ऐकू येणार नाही. म्हणून ‘मराठी गाण्याची उपेक्षा’ आणि ‘नव्या गाण्याची उपेक्षा’ या दोन बाबी वेगळ्या करून पाहणे आवश्यक ठरते.

येथे ‘नवे गाणे’ ही संज्ञा मर्यादित अर्थाने वापरली आहे. ज्याची शब्दरचना, चाल किंवा गायन येथील कलावंतांचे आहे, जे अलीकडे निर्माण झाले आहे आणि ज्याच्या पाठीशी चित्रपटाच्या जाहिरातीचे बळ नाही, असे गाणे येथे अभिप्रेत आहे.

आकाशवाणी : निर्मात्याच्या भूमिकेत
मराठी सुगम संगीताचा इतिहास नभोवाणीला वगळून लिहिता येत नाही. मुंबई केंद्र १९२७ मध्ये, नागपूर केंद्र १९४८ मध्ये आणि पुणे केंद्र १९५३ मध्ये सुरू झाले. पुणे केंद्र जेमतेम दीड वर्षाचे असताना, १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी ‘गीतरामायणा’चे प्रसारण सुरू झाले. सीताकांत लाड यांच्या पुढाकाराने ग. दि. माडगूळकर यांनी लिहिलेली आणि सुधीर फडके यांनी संगीतबद्ध केलेली ५६ गीते वर्षभर आठवड्याच्या क्रमाने प्रसारित झाली. या घटनेचा गौरव आपण नेहमीच करतो. परंतु तिच्यातील एक साधी वस्तुस्थिती दुर्लक्षित राहते. यांतील प्रत्येक गीत प्रसारणाच्या दिवशी श्रोत्याला पूर्णतः अपरिचित होते. ते आधी लोकप्रिय झाले आणि मग केंद्राने लावले, असा क्रम नव्हता. केंद्राने कवी-संगीतकारांवर विश्वास ठेवला, त्यांना वेळ दिला आणि श्रोत्याला अपरिचित गोष्टीची वाट पाहण्याची सवय लावली. रेडिओ हा येथे गाण्याचा निर्माता होता.

पुढे मुंबई केंद्रावर यशवंत देव यांच्यासारखे संगीतकार आणि मंगेश पाडगावकर यांच्यासारखे कवी प्रत्यक्ष नोकरीत होते. कवी, संगीतकार आणि गायक एकाच इमारतीत भेटत असल्याने कवितेपासून गीतापर्यंतचा प्रवास सुकर झाला. भावगीत या प्रकाराला जे वाङ्मयीन वजन प्राप्त झाले, त्यामागे ही संस्थात्मक रचना होती, हे मान्य करावे लागते.

अर्थात या काळाचे उदात्तीकरण करणेही योग्य नाही. आकाशवाणीच्या अभिरुचीला स्वतःच्या सीमा होत्या. बा. वि. केसकर केंद्रीय मंत्री असताना १९५२ च्या सुमारास चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. १९५७ मध्ये ‘विविध भारती’ सुरू करून हे धोरण बदलावे लागले. दुसरी सीमा सामाजिक होती. भावगीताचे विश्व प्रामुख्याने शहरी, सुशिक्षित मध्यमवर्गाचे होते. वामनदादा कर्डकांसारख्या कवी-गायकांची गीते आणि एकूण भीमगीतांची समृद्ध परंपरा वाढली ती मुख्यतः जलशांमधून, जयंतीच्या मंचांवरून आणि नंतर कॅसेटमधून. म्हणजे नव्या गाण्याला दार होते. पण ते सर्वांसाठी सारखेच उघडे नव्हते. खासगी वाहिन्यांवर टीका करताना हे भान सुटले, तर आपली टीका गतकालाच्या आठवणींपुरती उरेल.

खासगी वाहिन्या : परिचिताचे अर्थकारण
सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. त्यानंतर खासगी क्षेत्राला एफएमचे दार उघडले ते लिलावाच्या मार्गाने. पहिल्या टप्प्यात परवानाशुल्क निश्चित रकमेचे होते आणि ते दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढणार होते. हा भार वाहिन्यांना पेलला नाही. २००५ च्या दुसऱ्या टप्प्यात एकरकमी प्रवेशशुल्क आणि उत्पन्नाच्या ४ टक्के वाटा अशी रचना आली. तथापि तोपर्यंत वाहिन्यांची सवय घडून गेली होती. बातम्यांना परवानगी नाही, उत्पन्न केवळ जाहिरातींचे, आणि त्यामुळे गाणे हे दोन जाहिरातींच्या मधल्या वेळेत श्रोत्याला धरून ठेवण्याचे साधन, असे समीकरण रूढ झाले.

या समीकरणातून गीतनिवडीची जी पद्धत येते, ती समजून घेतली पाहिजे. वाहिनीची गीतसूची मर्यादित असते आणि त्यातील गाणी संगणकाच्या साहाय्याने ठरावीक अंतराने पुन:पुन्हा लावली जातात. सूचीत काय असावे, हे ठरवताना श्रोत्यांना गाण्याचा काही सेकंदांचा तुकडा ऐकवून ते ओळखीचे वाटते का, आवडते का, असे विचारण्याची पद्धत या व्यवसायात प्रचलित आहे. या कसोटीवर नवे गाणे उतरूच शकत नाही. ते ऐकवले गेले नाही म्हणून ओळखीचे नाही, आणि ओळखीचे नाही म्हणून ऐकवले जात नाही. चित्रपटगीत या चक्रातून सुटते, कारण त्याचा परिचय घडवण्याचा खर्च निर्मात्याने दूरचित्रवाणीवर आधीच केलेला असतो. ‘सैराट’ (२०१६) ची गाणी सर्व वाहिन्यांवर वाजली, ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्या घटनेवरून मराठी गाण्याला रेडिओचे दार खुले झाले, असा निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल. दार उघडले ते चित्रपटाला.

श्रोतृसंख्येच्या मोजणीचाही येथे संबंध आहे. २००७ पासून ‘रॅम’ या नावाने जी श्रोतृमोजणी झाली, ती मोजक्या महानगरांपुरती होती. महाराष्ट्रातून त्यात मुंबई होती. मुंबईच्या बहुभाषिक श्रोतृवर्गात हिंदी गाणे सर्वांना चालते, असा हिशेब जाहिरातदार करतो. नाशिक, सोलापूर किंवा जळगावच्या श्रोत्याची आवड या हिशेबात जवळजवळ येतच नाही.

मराठी गाणे लावणे खर्चाचे आहे, असा युक्तिवाद कुणी केल्यास तोही टिकणारा नाही. कॉपीराइट मंडळाने ऑगस्ट २०१० मध्ये ध्वनिमुद्रणांच्या वापराचे मानधन वाहिनीच्या निव्वळ जाहिरात-उत्पन्नाच्या २ टक्के ठरवले होते. हे सूत्र सप्टेंबर २०२० पर्यंत लागू होते. तेव्हा त्या दशकात तरी नवे गाणे लावल्याने मानधनाचा बोजा वाढत होता, असे म्हणता येत नाही. अडचण होती ती श्रोता खुंटी फिरवील या भीतीची.

अभिमानगीताचा धडा
या संदर्भात ‘मराठी अभिमानगीत’ हे उदाहरण मुळातून अभ्यासण्यासारखे आहे. मराठी गाणी लावल्यास वाहिनीला खालच्या दर्जाचे रूप येईल, अशा आशयाचे उत्तर एका खासगी वाहिनीकडून मिळाले आणि त्यातूनच या गीताची कल्पना सुचली, असे संगीतकार कौशल इनामदार यांनी जाहीरपणे सांगितले आहे. सुरेश भटांच्या कवितेला चाल देऊन, शेकडो गायकांचा सहभाग घेऊन हे गीत २७ फेब्रुवारी २०१० रोजी प्रकाशित झाले. लोकवर्गणीतून उभे राहिलेले हे कार्य नि:संशय मोठे आहे.

परंतु पुढे काय झाले? गीत शाळांत, समारंभांत आणि विशेष दिवशी सर्वत्र वाजू लागले. मराठी भाषा गौरव दिन आणि महाराष्ट्र दिन या दोन दिवसांशी ते जोडले गेले. ज्या धोरणाला उत्तर म्हणून ते निर्माण झाले, ते धोरण मात्र या गौरवाने फारसे हलले नाही. भाषेचा अभिमान व्यक्त करणाऱ्या गाण्याला जागा मिळाली. पण त्या भाषेत प्रेम, विरह, नोकरी, शेती, शहर यांबद्दल आज काही नवे म्हणणाऱ्या गाण्यांना ती मिळाली नाही. वर्षातून दोन दिवस मराठी लावणे हे वाहिनीला सोयीचे असते. उरलेल्या दिवसांबद्दल मग प्रश्न विचारला जात नाही. या अंगाने पाहता अस्मितेची भाषा नव्या गाण्याच्या मदतीला आली नाही, असे खेदाने नमूद करावे लागते.

रेडिओवाचून जगलेले गाणे
येथे एक आक्षेप संभवतो. रेडिओने जागा दिली नाही, तरी नवे गाणे मेले कुठे? संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांच्या ‘आयुष्यावर बोलू काही’ या कार्यक्रमाने २००३ पासून रंगमंचावर हजाराहून अधिक प्रयोग केले. जळगाव जिल्ह्यातून आलेल्या संजू राठोड यांचे ‘गुलाबी साडी’ हे गाणे २०२४ मध्ये मोबाइलच्या पडद्यावरून देशभर पोहोचले. मग रेडिओची चिंता कशाला?

आक्षेप विचारार्ह आहे. परंतु ही दोन्ही उदाहरणे नीट पाहिली असता त्यांतून उलटच बोध होतो. रंगमंचीय कार्यक्रमाला तिकीट काढून येणारा, नाट्यगृह असलेल्या गावात राहणारा रसिक लागतो. यूट्यूबवर गाणे पोहोचते ते दृश्य, नृत्य आणि काही सेकंदांच्या तुकड्यांच्या बळावर. गंभीर, संथ किंवा कवितेच्या अंगाने जाणाऱ्या गाण्याला तेथे तितकी अनुकूलता नाही. शिवाय तेथे श्रोत्याला जे आवडते तेच पुन्हा पुढे केले जाते. आपण न मागितलेले गाणे अवचित कानावर पडणे आणि त्यातून अभिरुची घडणे, हे कार्य रेडिओइतके स्वस्तात व सहजपणे करणारे माध्यम दुसरे नाही. रिक्षाचालक, शिवणकाम करणारी स्त्री, दुकानातील मुलगा यांच्या कानी नवी कविता पडण्याची ती एकमेव वाट होती. ती बंद झाल्याने कवी आणि संगीतकार यांच्यातील नातेही क्षीण झाले. आज मान्यवर ठरलेल्या किती कवींच्या कविता गायल्या जातात, याचा शोध घेतल्यास हे सहज ध्यानात येईल.

अन्य देशांतील तरतुदी
कॅनडाने १९७१ मध्ये रेडिओवरील संगीतात ३० टक्के स्वदेशी संगीताची अट घातली. गाणे स्वदेशी ठरण्यासाठी संगीत, कलावंत, सादरीकरण आणि शब्द या चारांपैकी किमान दोन निकष सामान्यतः पूर्ण व्हावे लागतात. फ्रान्सची तरतूद आपल्या प्रश्नाला अधिक जवळची आहे. १९९४ च्या कायद्यानुसार, १ जानेवारी १९९६ पासून, तेथील वाहिन्यांना लोकप्रिय गीतांपैकी ४० टक्के गाणी फ्रेंच भाषेतील लावणे बंधनकारक झाले. आणि त्यांपैकी किमान निम्मी नवोदित कलावंतांची किंवा नव्या निर्मितीची असावीत, अशी अट होती. वाहिनीच्या प्रकृतीनुसार पुढे या प्रमाणांत सवलती दिल्या गेल्या.

तरीही पळवाट निघालीच. मोजकी फ्रेंच गाणी वारंवार लावून वाहिन्या प्रमाण पूर्ण करू लागल्या. म्हणून २०१६ मध्ये दुरुस्ती झाली : सर्वाधिक वाजणाऱ्या दहा फ्रेंच गाण्यांनी एकूण फ्रेंच प्रसारणाच्या निम्म्याहून अधिक वाटा व्यापल्यास, तो जादा वाटा मोजणीत धरायचा नाही. भाषेची अट पुरेशी नाही, नवेपणाची अटही पुरेशी नाही, पुनरावृत्तीवरही मर्यादा हवी, असा हा अनुभव आहे. मराठीसाठी मागणी करणाऱ्यांनी तो लक्षात घेणे गरजेचे आहे.

समारोप :
वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतील.

१. नव्या मराठी गाण्याची अडचण ही केवळ भाषिक दुजाभावाची नसून परिचितावर आधारलेल्या गीतनिवडीची आहे.
२. ‘मराठी गाणी लावा’ ही मागणी जुन्या व चित्रपटीय गाण्यांनी भागवली जाऊ शकते. म्हणून मागणीतच नव्या, चित्रपटबाह्य गाण्याचा स्वतंत्र वाटा आणि पुनरावृत्तीची मर्यादा नमूद असावी.
३. आकाशवाणीने जुन्या ध्वनिमुद्रणांच्या जतनाबरोबरच कवी-संगीतकारांकडून नवी गीते करवून घेण्याची आपली भूमिका पुन्हा स्वीकारावी. मात्र या वेळी तिची दारे पूर्वीपेक्षा रुंद असावीत.

केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये २३४ नव्या शहरांतील ७३० एफएम वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली आणि मातृभाषेतील स्थानिक आशयाला चालना मिळेल, अशी अपेक्षा व्यक्त केली. ती परवान्याच्या अटींत उतरली नाही, तर ही शहरेही त्याच गीतसूचीला जोडली जातील.

शेवटी, महाविद्यालयांनीही या प्रश्नाकडे केवळ अभ्यासविषय म्हणून पाहू नये. समुदाय नभोवाणीच्या २००६ च्या धोरणात किमान ५० टक्के आशय स्थानिक समुदायाच्या सहभागाने निर्माण व्हावा, अशी अट आहे. शैक्षणिक संस्थांना अशी केंद्रे चालवता येतात. पुणे विद्यापीठाचे ‘विद्यावाणी’ हे त्याचे उदाहरण आहे. १०० वॅटच्या या केंद्रांचा पल्ला लहान असतो. तरीही दरवर्षी युवक महोत्सवांत आपल्याच विद्यार्थ्यांनी बांधलेल्या चाली एकदा गायल्या जातात आणि पारितोषिक वितरणानंतर विसरल्या जातात, त्या ध्वनिमुद्रित करून ऐकवण्याइतका तो नक्कीच आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय झाला. तो तिच्या प्राचीनतेचा गौरव होय. तिच्या आजच्या गाण्याला दिवसातील कोणती वेळ द्यायची, हे मात्र आपल्यालाच ठरवावे लागेल.