शत्रूचा चेहरा, सोबत्याचा चेहरा

विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले. त्या परंपरेतील नाटकांत शत्रू ओळखण्याचे श्रम प्रेक्षकाला पडत नसत. राक्षस आरडाओरड करीत प्रवेश करी आणि त्याची रंगभूषाच त्याचा स्वभाव सांगे. प्रत्यक्ष जीवनात इतका सोयीचा राक्षस सहसा भेटत नाही. जो शत्रू दिसतच नाही, आणि दिसला तर आपल्याच एखाद्या सोबत्यासारखा दिसतो, त्याच्यापुढे माणसे एकमेकांशी कशी वागतात? हा प्रश्न एका विज्ञानकथामालिकेच्या भागाने मोठ्या समर्थपणे हाताळला आहे. त्या भागाचा परामर्श येथे घेण्याचे आम्ही योजिले आहे.

'स्टार ट्रेक' ही अमेरिकन मालिका १९८० च्या दशकात दूरदर्शनवर दाखविली जात असे. आज पन्नाशीत असलेल्या अनेक वाचकांना तीमधील टोकदार कानांचा, भावना आवरून बोलणारा स्पॉक अद्याप आठवत असेल. तिचा 'बॅलन्स ऑफ टेरर' हा भाग अमेरिकेत १५ डिसेंबर १९६६ रोजी प्रथम प्रक्षेपित झाला. लेखन पॉल श्नायडर यांचे व दिग्दर्शन व्हिन्सेंट मॅकएव्हिटी यांचे. अलीकडे तो पुन्हा पाहताना, बालपणी केवळ युद्धकथा वाटलेली ही गोष्ट आम्हाला अगदी निराळी भासली.

भागाचा प्रारंभ होतो तो विवाहविधीने. एंटरप्राइज या अंतराळनौकेवरील छोट्याशा प्रार्थनागृहात टॉमलिन्सन आणि अँजेला मार्टीन हे दोघे सहकारी वेदीपुढे उभे आहेत. विधी पूर्ण होण्याच्या आत धोक्याची सूचना घुमते. सीमेवरील एका चौकीवर हल्ला झालेला असतो. वधूवर वेदी सोडून आपापल्या कामावर धावतात.

हल्लेखोर आहेत रॉम्युलन. शंभर वर्षांहून अधिक काळापूर्वी त्यांच्याशी पृथ्वीचे युद्ध झाले होते; परंतु दोन्ही पक्षांनी एकमेकांना कधी पाहिलेच नव्हते. आता त्यांच्यापाशी नौका अदृश्य करण्याची यंत्रणा आहे. प्रहार करतेवेळी मात्र त्यांना दृश्य व्हावे लागते. स्पॉक मोठ्या कौशल्याने त्या नौकेतील दृश्य पडद्यावर आणतो आणि सर्व जण स्तब्ध होतात. शत्रूच्या सेनापतीचे कान टोकदार आहेत, भुवया तिरक्या आहेत. तो चेहरा स्पॉकच्या जातकुळीचा आहे.

या क्षणापासून खरे नाट्य एंटरप्राइजवरच घडू लागते. नौकेचा मार्गदर्शक स्टाइल्स याचे पूर्वज त्या जुन्या युद्धात कामी आले होते. त्याच्या घराण्याने ते वैर जतन करून ठेवलेले आहे. बांधावरून आजोबांनी मांडलेला तंटा नातवाने चालवावा, आणि मूळ कारण मात्र कोणालाच नीट सांगता येऊ नये, अशी भाऊबंदकी आपल्या खेड्यापाड्यांतून आम्ही पुष्कळ पाहिली आहे. त्याच्या द्वेषाला आजवर चेहरा तेवढा नव्हता. तो मिळताच स्टाइल्सची नजर पडद्यावरून वळून शेजारी बसलेल्या स्पॉकवर स्थिरावते. काल ज्याच्या गणितावर प्राण सोपवले, तोच आज हेर वाटू लागतो. कॅप्टन कर्क त्याला कडक शब्दांत बजावतो, की असा आकस आपल्या खोलीत ठेवावा, येथे त्याला थारा नाही.

स्पॉक स्वतःच्या बचावार्थ एक शब्दही बोलत नाही. उलट, रॉम्युलन आपल्याच रक्ताचे असतील तर दुबळेपणा दाखविणे घातक ठरेल, म्हणून हल्ला करावा, असा सल्ला तोच देतो. तर डॉक्टर मॅकॉय युद्धास विरोध करतो. स्पॉकचा युक्तिवाद तर्कशुद्ध आहे. तथापि संशयाखाली आलेल्या माणसाला आपल्यांविषयी इतरांहून कठोर बोलावे लागते, याची एक बारीक वेदना आम्हाला त्यात जाणवली.

पलीकडच्या नौकेचे चित्रणही तितकेच सहृदय आहे. मार्क लेनर्ड यांनी साकारलेला रॉम्युलन सेनापती युद्धाला विटलेला आहे. सेंचुरियन हा वृद्ध स्नेही त्याचा एकमेव आधार. आणि पुढे सेनापतीला वाचविताना तोच प्राण गमावतो. डेशियस हा तरुण अधिकारी मात्र कीर्तीचा भुकेला आहे आणि त्याला दरबारातील वजनदारांचे पाठबळ आहे. आज्ञा मोडून तो संदेश धाडतो आणि नौकेचा ठाव उघड करून बसतो. म्हणजे त्या सेनापतीचा एक शत्रू त्याच्या पाठीशीच उभा आहे. शेवटी पराभूत सेनापती कर्कला सांगतो, की वेगळ्या परिस्थितीत आपण मित्र झालो असतो. आणि स्वतःच्या हाताने नौका नष्ट करतो. (हेच लेनर्ड पुढे १९६७ मध्ये याच मालिकेत स्पॉकच्या पित्याच्या भूमिकेत दिसले, हा योगायोग मोठा बोलका आहे.)

आता आमचा एक आक्षेप. शस्त्रकक्षात विषारी वायू पसरतो तेव्हा स्पॉक आत शिरून शत्रूवर मारा करतो आणि बेशुद्ध स्टाइल्सला बाहेर काढतो. स्टाइल्सचे मन पालटते. परंतु त्यासाठी स्पॉकला त्याचे प्राण वाचवावे लागले! ती संधीच आली नसती तर? निरपराध माणसाने आपले निरपराधित्व पराक्रमाने सिद्ध करावे, अशी अपेक्षा या कथेच्या तळाशी राहून गेली आहे.

हा आक्षेप आम्ही केवळ वाङ्मयीन म्हणून घेत नाही. ३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींची हत्या झाली. मारेकरी ब्राह्मण होता, एवढ्या एका गोष्टीवरून त्यानंतरच्या दिवसांत सातारा, सांगली, कोल्हापूर या टापूत ब्राह्मणांची असंख्य घरे जाळण्यात आली. जळालेल्या घरांतील म्हाताऱ्यांचा आणि लेकरांचा त्या हत्येशी काय संबंध होता? मारेकऱ्याशी त्यांचे साम्य केवळ जातीपुरते होते. सांगली जिल्ह्यातील माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर यांनी 'वावटळ' या कादंबरीत हा काळ संयमाने रंगविला आहे. तेथे कोणा स्पॉकला कोणाचे प्राण वाचवून विश्वास परत मिळविण्याची सवड नव्हती. म्हणूनच 'वावटळ'चे सत्य आम्हाला अधिक कठोर व अधिक पूर्ण वाटते. माणसाला निर्दोष मानण्यासाठी त्याच्याकडून उपकाराची वाट पाहावयाची नसते, हे 'बॅलन्स ऑफ टेरर'च्या लेखकाने न सांगितलेले उरलेले वाक्य होय.

मात्र एक श्रेय लेखकाला दिलेच पाहिजे. स्टाइल्स कृतज्ञता व्यक्त करतो तेव्हा स्पॉक ती स्वीकारीत नाही. नौकेला मार्गदर्शक हवा होता म्हणून आपण त्याला वाचविले, इतकेच तो सांगतो. क्षमेचा थाटमाट तो करीत नाही. आणि ज्याने संशय घेतला, त्याला आयुष्यभराच्या ओझ्याखालीही ठेवीत नाही.

एंटरप्राइजवर त्या दिवशी एकच माणूस मरतो, तो म्हणजे नवरदेव टॉमलिन्सन. कर्क पुन्हा त्याच प्रार्थनागृहात जातो. वेदी तीच आहे, पुढे अँजेला एकटी आहे. कर्क तिला जवळ घेतो, दोन शब्द बोलतो. तिच्या दुःखावर त्याच्याकडे उत्तर नाही. ज्या वेदीपुढे लग्ने लावली, तिच्यापुढेच काही महिन्यांत शवपेटी ठेवलेली आम्ही पाहिली आहे, आणि कर्कसारखेच तेथे निरुत्तर उभे राहिलो आहोत. हानीच्या हिशेबात 'फक्त एक' असे लिहिले जाते. तो एक म्हणजे कोण, हे ठाऊक असते वेदीपुढे एकट्या उरलेल्या माणसाला.

आपल्या घरांतील तरुणांनी हा भाग अवश्य पाहावा, आणि जमल्यास त्यासोबत 'वावटळ'ही वाचावी.