द्वंद्व, तत्पुरुष आणि बहुव्रीही : बहुवर्गी पात्ररचनेचा हिशेब

१

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलाभोवती बसून खेळावयाचा भूमिकाखेळ गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांच्या नावाने १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. प्रत्येक खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो; सूत्रधार प्रसंग उभा करतो; फाशांनी यशापयश ठरते. पात्राला योद्धा, जादूगार, पुरोहित असा एक वर्ग, म्हणजे व्यवसाय असतो आणि अनुभवाबरोबर त्या वर्गात त्याची पातळी वाढत जाते. एकाच पात्राने दोन वर्ग धारण केल्यास काय साधते व काय गमावते, हा या खेळाच्या नियमशास्त्रातील एक जुना वाद आहे. खोली देऊन व्याप्ती घ्यावयाची, असे त्याचे सर्वसाधारण उत्तर दिले जाते. ते चुकीचे नाही, परंतु अपुरे आहे. कारण दोन पदे एकत्र येण्याचे प्रकार अनेक असतात आणि प्रत्येकाची किंमत निराळी असते.

मराठी व्याकरणातील समासविचार येथे उपयोगी पडतो. 'आईबाप' या द्वंद्वात दोन्ही पदे प्रधान असतात. 'राजवाडा' या तत्पुरुषात दुसरे पद प्रधान असून पहिले त्यास मर्यादित करते. 'लंबोदर' या बहुव्रीहीत दोन्ही पदे गौण होऊन तिसराच अर्थ प्रधान ठरतो. बहुवर्गी पात्रांचेही असेच तीन भेद करता येतात.

२

१९७८ च्या 'प्लेअर्स हँडबुक' या नियमग्रंथाने मानवेतर पात्रांना जी सवलत दिली, ती शुद्ध द्वंद्वाची होती. मिळालेले अनुभवगुण दोन्ही वर्गांत समसमान वाटले जात. वरवर पाहता यात अर्धे नुकसान दिसते; प्रत्यक्षात ते तसे नव्हते. आरंभीच्या पातळ्यांत पुढील पातळीसाठी लागणारे गुण सुमारे दुपटीने वाढत असल्यामुळे अर्धा वाटा मिळूनही पात्र एखाददुसरी पातळीच मागे राही. २०,००० गुणांवर केवळ योद्धा असलेले पात्र पाचव्या पातळीवर असे. तेवढ्याच गुणांवर योद्धा-जादूगार असलेला एल्फ चौथ्या पातळीचा योद्धा आणि तिसऱ्या पातळीचा जादूगार असे. या उदारतेला बांध घालण्यासाठी ग्रंथाने मानवेतरांच्या पातळीला कमाल मर्यादा घातली. योद्धा म्हणून एल्फला सातव्या पातळीपलीकडे जाता येत नसे. म्हणजे किंमत होती, पण ती उशिरा वसूल होई. आणि ज्यांचा खेळ तेथवर पोचलाच नाही, त्यांना ती द्यावीच लागली नाही.

३

२००० च्या तिसऱ्या आवृत्तीने ही व्यवस्था मोडली. प्रत्येक नवी पातळी कोणत्या वर्गात घ्यावयाची हे खेळाडूने ठरवावे, आणि सर्व पातळ्यांची बेरीज हीच पात्राची पातळी मानावी, असे तत्त्व आले. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने हेच तत्त्व राखले आणि जुन्या व नव्या अशा दोन्ही वर्गांच्या मुख्य गुणात किमान १३ अंक असावेत एवढी अट घातली. बेरजेचे हे तत्त्व समतेचे वाटते. द्वंद्वाला मात्र तेच मारक ठरते.

योद्धा व जादूगार या दोन वर्गांत समान पातळ्या घेणारे पात्र आठव्या पातळीवर दोन्हींत चौथ्या पातळीचे असते. योद्ध्याला एका पाळीत दुसरा वार करण्याचा अधिकार पाचव्या पातळीला मिळतो. जादूगाराला तिसऱ्या श्रेणीचे मंत्रही पाचव्याच पातळीला मिळतात. म्हणजे सोबतच्या एकवर्गी पात्रांना जे तीन पातळ्यांपूर्वी लाभले, त्यांपैकी एकही गोष्ट या पात्राकडे नसते. दोन व्यवसाय शिकलेला मनुष्य दोन्हींच्या उंबरठ्याबाहेर उभा राहतो. पुरोहित-जादूगार या जोडीची अवस्था आणखी चमत्कारिक आहे. दोन्हींत पाचवी पातळी असता त्यास पाचव्या श्रेणीपर्यंतच्या मंत्रप्रयोगाची शक्ती मिळते, परंतु मंत्र मात्र तिसऱ्या श्रेणीपर्यंतचेच येतात. पात्र मोठे, पण त्यात ओतावयास पुरेसे काही नाही.

४

तत्पुरुषाचा व्यवहार यापेक्षा किफायतशीर आहे. योद्ध्याच्या दोन व जादूगाराच्या अठरा पातळ्या घेणाऱ्या पात्रात जादूगार प्रधान व योद्धा गौण असतो. आरंभ योद्धा म्हणून केल्यास जड चिलखत वापरता येते. दुसऱ्या पातळीला एका पाळीत एक जादा कृती करण्याची मुभा मिळते. विसाव्या पातळीवर हिशेब केला तर नुकसान थोडे दिसते. परंतु मंत्रांची प्रत्येक नवी श्रेणी वाटेत दोन पातळ्या उशिरा येते, आणि खेळ घडतो तो वाटेतच. त्यातच २०२४ च्या सुधारित ग्रंथाने त्या जादा कृतीतून मंत्रप्रयोग करण्यास मनाई केली. त्यामुळे गौण पदापासून प्रधान पदाला होणारा मुख्य लाभच आटला. नियमातील एका शब्दाने समासाचे मोल बदलते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

'एल्ड्रिच नाइट' हा योद्ध्याचा उपवर्ग म्हणजे बहुव्रीही. त्यात योद्ध्याची वाढ कोठेही खंडित होत नाही व मर्यादित मंत्रविद्याही येते. मात्र मिश्रण ग्रंथकाराने ठरविलेले असते, खेळाडूने घडविलेले नव्हे.

५

यावरून असे म्हणणे प्राप्त आहे की बहुवर्गीयतेची खरी किंमत सामर्थ्यात नव्हे, विलंबात मोजली पाहिजे. शेवटच्या पातळीचे कोष्टक मांडून केलेला युक्तिवाद फसवा असतो, कारण तेथवर पोचण्याची शाश्वती कोणत्याच खेळात नसते. पाचव्या पातळीला सोबती पुढे गेले असता आपले पात्र कोठे असेल, हीच योग्य कसोटी होय. या कसोटीवर आजचा नियम गणिती खेळाडूच्या तत्पुरुषाला सांभाळून घेतो, आणि ज्याच्या कथेला दोन्ही व्यवसाय समान जिव्हाळ्याचे आहेत त्याच्या द्वंद्वाला दंड करतो. १९७८ चा नियम अवजड व मानवेतरांपुरता संकुचित होता. तथापि दोन विद्या एकत्र शिकणारा मनुष्य थोडा मागे राहील, परंतु दोन्हींना पारखा होणार नाही, ही अनुभवाची गोष्ट त्याला कळली होती. बेरजेच्या सोयीसाठी पुढील आवृत्त्यांनी ती सोडून दिली.