एका निनावी ग्रंथाचे परीक्षण

आजवर मी तीनेकशे पुस्तकांची परीक्षणे लिहिली. त्यांतली बरीचशी मी वाचलीही होती. पण एका पुस्तकाचे परीक्षण लिहायचे राहूनच गेले. हे पुस्तक मी तीनदा वाचले, त्यातली वाक्ये भर उन्हात मोठ्याने वाचून दाखवली, आणि त्यातल्या एका वाक्यामुळेच आज हे चार शब्द लिहायला शिल्लक आहे. एखाद्या कादंबरीबद्दल असे म्हणायची वेळ माझ्यावर अद्याप आलेली नाही.

पुस्तकाचे नाव सांगता येत नाही, कारण पहिली आठ पाने नव्हती. लेखकाचे नाव तर अशा पुस्तकांवर नसतेच. संतसुद्धा अभंगाच्या शेवटी आपले नाव घालीत. इंजिनाचे माहितीपुस्तक लिहिणारा गृहस्थ तेवढाही मोह धरत नाही.

पुस्तक माझ्याकडे आले ते मेहुण्यांमुळे. भिवंडीत त्यांचे बारा माग होते. १९८६ साली कापडाला उठाव नव्हता, तेव्हा माणसाने गप्प बसावे की नाही? त्यांनी मुंबईत एका लिलावात बोट घेतली. लाकडी, जुनी, चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनाची. आता भिवंडीकराने बोट घेण्यात तसे नवल नाही. १६५७ साली कल्याण-भिवंडी स्वराज्यात आल्यावर याच खाडीच्या परिसरात आरमाराची जहाजे बांधायला घेतली गेली. फरक इतकाच, की त्या जहाजांना शिडे होती, आणि वारा डिस्ट्रिब्यूटरमधून येत नसतो.

बोट काल्हेरच्या बंदरावर बांधलेली असे. दुपारी ती सुरू होई, सकाळी खोकत असे, आणि पावसाळी हवा पडली की मौन धरी. एका रविवारी तिने दोन्ही कुटुंबांना ऐन ओहोटीत खाडीच्या मधोमध सोडून मौन धरले. रेतीच्या बोटीवाल्यांनी ओढून आणले. इंजिनात डोकावून त्यांतला एक म्हणाला, "मास्तर, आमच्या इंजनाला असला काय नसतं." खरेच होते. त्यांची इंजिने डिझेलची. डिझेल दाबाच्या उष्णतेनेच पेटते. त्याला ठिणगी लागत नाही, मग ठिणगी वाटणारा कारकून कशाला लागेल? पेट्रोलला मात्र प्रत्येक स्फोटासाठी ठिणगी लागते, आणि ती कोणत्या सिलिंडरला कधी द्यायची हे ठरवतो डिस्ट्रिब्यूटर. थोडक्यात, रेशन दुकानदार.

"तुम्हाला इंग्रजी येतं," असे म्हणून मेहुण्यांनी ते पुस्तक माझ्या हातात ठेवले. मराठीच्या मास्तराला इंग्रजी येते, ही समजूत आमच्या सासुरवाडीत कशी पसरली देव जाणे.

आता परीक्षण. ग्रंथातले 'दोष आणि निवारण' हे प्रकरण म्हणजे अव्वल दर्जाची रहस्यकथा आहे. पहिलेच वाक्य पाहा : इंजिन फिरते, पण सुरू होत नाही. पाल्हाळ नाही, निसर्गवर्णन नाही. लगेच संशयितांची ओळखपरेड. बॅटरीचे बारा व्होल्ट वाढवून वीस हजारांच्या घरात नेणारी कॉइल; उघडझाप करून कॉइलचा प्रवाह तोडणारे पॉइंट; त्या पॉइंटना जळू न देणारा कंडेन्सर; गोल फिरून एकेका सिलिंडरला हजेरी देणारा रोटर; त्यावरची कॅप; आणि शेवटी बिचारे प्लग, ज्यांना प्रत्येक मेकॅनिक आधी पकडतो. रहस्यकथेचा नियमच आहे, की गुन्हेगार पहिल्या प्रकरणात दिसला पाहिजे. आमच्याकडचे लेखक शेवटच्या पानावर आफ्रिकेतून चुलतभाऊ आणतात. या लेखकाने तसली लबाडी केलेली नाही.

तपासाची पद्धतही नमुनेदार. कॅपच्या मधली जाड वायर काढा, तिचे टोक इंजिनाच्या धातूजवळ धरा, इंजिन फिरवा. ठिणगी जोरकस पडली तर कॉइल आणि पॉइंट निर्दोष. गुन्हेगार पुढे आहे, कॅपमध्ये किंवा रोटरमध्ये. एका ठिणगीत निम्मे संशयित घरी! आमच्या संपादकांना साभार परत करतानासुद्धा इतकी सफाई साधत नाही.

मिस्त्री आले. भिवंडीत सगळ्या गावाचे कान मागांच्या खटखटीत तयार झालेले. एका मागाचा ठोका चुकला तर शेजारच्या गल्लीत कळते. मिस्त्रींनी इंजिन फिरवून नुसते ऐकले आणि म्हणाले, "करंट कुठेतरी पळतोय." कॅप काढली. आत केसाएवढी काळी रेघ. हवेतला दमटपणा त्या तड्यात बसे आणि ठिणगी प्लगकडे न जाता त्या वाटेने पसार होई. म्हणून दुपारी ठीक, सकाळी आजारी. शिवाय दांड्याची बुशिंग झिजलेली, त्यामुळे पॉइंटमधले अर्ध्या मिलिमीटरचे अंतर दर फेरीला बदले. सबंध डिस्ट्रिब्यूटरच बदलायला हवा, असा निकाल झाला.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री एक डिस्ट्रिब्यूटर घेऊन हजर. "टॅक्सीचा आहे, मास्तर. सेम टू सेम. जरा कानस मारली की बसेल." किंमत ऐकून मेहुण्यांचा चेहरा उजळला. बोटीचा अस्सल भाग त्याच्या कितीतरी पट महाग, आणि मुंबईहून यायला तीन आठवडे.

आणि इथे माझी एक वाईट खोड कामी आली. विद्वान दिसावे म्हणून मी कोणत्याही पुस्तकाच्या तळटीपा आधी वाचतो. एकसष्टाव्या पानाच्या तळाशी, मुंगीच्या पायाएवढ्या टायपात, एक वाक्य होते. त्याचा आशय असा : पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी साचते, म्हणून इंजिन सुरू करण्यापूर्वी चार मिनिटे पंखा चालवावा, आणि मोटारीचा डिस्ट्रिब्यूटर बोटीला कदापि बसवू नये.

"का बसवू नये?" मेहुण्यांनी विचारले. मी पुढचे वाचले. मिनिटाला दोन हजार फेऱ्यांवर डिस्ट्रिब्यूटरच्या पोटात चार हजार ठिणग्या पडतात. मोटारीत खालून वारा खेळतो, वाफ निघून जाते. बोट म्हणजे वाटी. तिच्यात पडलेले तिच्यातच राहते. म्हणून बोटीचा डिस्ट्रिब्यूटर बंदिस्त असतो, आणि त्याच्या श्वासाच्या भोकांना बारीक जाळी असते, की आत भडका उडालाच तर ज्वाळा बाहेर येऊ नये.

"पुस्तकवाले असं लिहितातच," मेहुणे म्हणाले. "त्यांना त्यांचा माल खपवायचा असतो." पंखा त्यांनी 'उगाच बॅटरी खातो' म्हणून केव्हाच काढून ठेवला होता.

मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी तळाची फळी उचलली, काठीला चिंधी बांधून खाली बुडवली आणि वर काढून नाकाशी नेली. मग पेट्रोलपंपाच्या जोडावर बोट फिरवले. बोट ओले झाले. मिस्त्री सावकाश उठले, काठाशी गेले, तोंडातली विडी खाडीत टाकली, आणि परत येऊन टॅक्सीचा डिस्ट्रिब्यूटर पिशवीत भरला. वाङ्मयाचा जीवनाशी संबंध काय, यावर मी परिसंवादांतून बराच बोललेलो आहे. तो संबंध मला दिसला मात्र त्या विडीत. आदल्या रविवारी त्याच फळीवर आमची मुले बसली होती.

तीन आठवड्यांनी अस्सल भाग आला. जोड घट्ट केला, तळ पुसून वाळवला, पंखा परत बसवला. आता ग्रंथाचा मोठा दोष सांगतो. काढण्याच्या चौदा पायऱ्या सविस्तर देऊन लेखक लिहितो : बसवणे याच्या उलट क्रमाने करावे. जागतिक वाङ्मयात इतके बेजबाबदार वाक्य दुसरे नसेल. लग्न कसे करावे हे सांगून संसार त्याच्या उलट क्रमाने करावा, असे म्हणण्यासारखेच हे! मिस्त्रींनी काढतानाच छिन्नीने खुणा केल्या होत्या : रोटरचे तोंड कुठे, बुडखा कुठे. खालचे दाते तिरपे असतात, त्यामुळे डिस्ट्रिब्यूटर खाली बसता बसता रोटर थोडा फिरतो. तेवढा तो आधीच मागे धरावा लागतो. हे पुस्तकात नव्हते, मिस्त्रींच्या हातात होते.

तरी एक चूक झालीच, आणि ती माझ्यामुळे. मध्यंतरी प्लग बाहेर काढलेले असताना मी इंजिन हाताने फिरवून पाहिले होते. पहिल्या सिलिंडरचा दट्ट्या दोनदा वर येतो. एकदा दाब देताना, एकदा धूर सोडताना. आम्ही दुसऱ्या वेळेला पहिली समजलो. क्रम एक-तीन-चार-दोन बरोबर, पण अर्धी फेरी चुकलेली. बटण दाबताच कार्ब्युरेटरमधून असा बार निघाला की बंदरावरचे बगळे कशेळीच्या पुलाकडे गेले. तळ कोरडा होता म्हणून बगळ्यांवर निभावले. मिस्त्रींनी माझ्याकडे नुसते पाहिले, डिस्ट्रिब्यूटर वर काढला, रोटर अर्धी फेरी फिरवून पुन्हा बसवला. इंजिन सुरू झाले.

तेव्हा ग्रंथाविषयी माझे मत असे : कथानक उत्तम, शैली निर्मळ, शेवट गुंडाळलेला. मिस्त्रीवाचून तो अपुरा आहे, जशी पोथी पुराणिकावाचून. पण मिस्त्रीही त्याच्यावाचून अपुरा ठरला असता. सर्वात अक्षम्य दोष हा, की लाकडाला मेण कसे लावावे यावर त्यात सबंध पान आहे, आणि जीव वाचवणारे वाक्य तळटिपेत. आता नव्या इंजिनांतून डिस्ट्रिब्यूटर गेला, ठिणगीचा हिशोब इलेक्ट्रॉनिक झाला. पेट्रोलची वाफ मात्र अजून हवेपेक्षा जडच आहे.

ते वाक्य मी त्या दिवशी पुठ्ठ्यावर मराठीत, ठसठशीत अक्षरांत लिहून बोटीत टांगले. पुढच्या वर्षी मेहुण्यांनी बोट विकली, ती पुठ्ठ्यासकट. घेणारा गृहस्थ बोट पाहायला आला तेव्हा त्याने तो पुठ्ठा वाचला आणि हातातली विडी विझवली. माझ्या लेखनाचा वाचकावर तत्काळ परिणाम झाल्याचे हे एकमेव उदाहरण.