फुलपाखरांची महापालिका

चौकाच्या कोपऱ्यावर सिग्नलची पेटी असते. छातीइतकी उंच, करड्या पत्र्याची, आत दिव्यांचे नियंत्रण करणारी यंत्रणा, बाहेर कुलूप. तिच्याकडे पाहायचे कुणाला कारण नसते, म्हणून कागद चिकटवणाऱ्यांचे आणि स्प्रे मारणाऱ्यांचे फावते. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनच्या महापालिकेने १९९९ मध्ये या पेट्या स्थानिक लोकांना रंगवायला द्यायला सुरुवात केली, ती काही चित्रकलेच्या प्रेमापोटी नव्हे. ग्राफिटी पुसण्याचा खर्च वाचवायचा होता. जिथे कुणीतरी मन लावून चित्र काढले आहे, तिथे दुसरा सहसा रेघोट्या मारत नाही, असा तो हिशेब. तो लोकांच्या पसंतीस उतरला. बॉस्टन, डब्लिन, कॅलगरी अशा शहरांतही पेट्या रंगू लागल्या. आज इंग्रजी बोलणाऱ्या जगात पेटीचित्र हा सार्वजनिक कलेचा खूप पसरलेला आणि फार कमी चर्चिला गेलेला प्रकार आहे.

चर्चा होत नाही याचे एक कारण म्हणजे ही चित्रे कुणाला खटकत नाहीत. त्यातच त्यांची अडचण आहे. महापालिकेला हवा होता पहारेकरी आणि चित्र पहाऱ्यावर उभे केले, की ते पहारेकऱ्यासारखेच वागते: नेमून दिलेल्या जागी, स्वच्छ गणवेशात, कुणाशी न बोलता.

चित्रकारांकडून प्रस्ताव मागवणाऱ्या पत्रकांतल्या अटी पाहाव्यात. शहरे वेगळी, अटी जवळपास त्याच. मजकूर नको, जाहिरात नको, राजकारण आणि धर्म नको. वाहतुकीच्या चिन्हांशी घोटाळा होईल अशा आकृत्या नकोत. हवा खेळायच्या झडपा, कुलूप आणि पेटीचा क्रमांक झाकायचा नाही. अनेक ठिकाणी गडद रंगांवर मर्यादा असते, कारण काळा पत्रा उन्हात तापतो आणि आतली यंत्रणा बिघडू शकते. (कलेवरची एवढीच एक सेन्सॉरशिप मला मनापासून पटते.) इतके सगळे वजा केल्यावर उरतात फुलपाखरे, सूर्यफुले, स्थानिक पक्षी, सूर्यास्त आणि हसरी मुले. चित्रकार नाठाळ असला तरी निवड समिती असतेच. पाच जणांना एकदम आवडेल असे चित्र म्हणजे बहुधा पक्ष्याचे. शहर बदलले की फक्त पक्षी बदलतो.

गुन्हा मात्र ग्राफिटीविरोधी उगमावर ढकलून चालणार नाही. फिलाडेल्फियाच्या भित्तिचित्रांचे कूळही तेच आहे. तिथे १९८४ मध्ये महापालिकेच्या ग्राफिटीविरोधी मोहिमेत जेन गोल्डन या चित्रकर्तीला बोलावले गेले. तिने भिंती खराब करणाऱ्या मुलांच्याच हातात ब्रश दिले आणि त्यातून हजारो भित्तिचित्रांचे शहर उभे राहिले. फरक पडला तो वेळेमुळे. तिथे भिंतीला हात लावण्याआधी त्या वस्तीशी बोलणे होते, काय काढायचे यावर वाद होतात, तुरुंगातल्या कैद्यांपर्यंत काम पोचते. पेटीला असा शेजार मिळत नाही. ती कुणाच्या घराची नसते, कुणाच्या गल्लीची नसते. तिच्यासाठी भांडायला कोणी येत नाही आणि जिच्यासाठी कुणी भांडत नाही तिच्यावरचे चित्र गुळगुळीत होत जाते.

खरे तर चित्रकाराला पेटीइतकी विचित्र जागा क्वचित मिळते. चार बाजू, वर एक छप्पर, आणि प्रेक्षक असा की जो सिग्नल सुटेपर्यंत उभा आहे आणि सुटला की गेला. बहुतेक जण तिला चार छोटे कॅनव्हास समजतात आणि चारही बाजूंवर चार चित्रे काढून मोकळे होतात. पेटी ही वस्तू आहे, तिच्याभोवती फिरता येते, तिला मागची बाजू आहे, याचा विचार करणारे थोडे. लॉस एंजेलिस परिसरात जोशुआ कॅलहन या कलाकाराने काही पेट्यांवर त्यांच्याच मागच्या दृश्याचे छायाचित्र छापून चिकटवले: मागचे झुडूप, कुंपण, फुटपाथ. एका ठरावीक जागेवरून पाहिले तर पेटी नाहीशी होते. एक पाऊल बाजूला सरकले की जोड उसवतो आणि पेटी पुन्हा हजर. यात पेटीला नटवलेले नाही. तिच्याकडे दुर्लक्ष करण्याच्या आपल्या सवयीवरच हे काम बेतले आहे. या प्रकारात मला ठाऊक असलेले सगळ्यात हुशार काम ते हेच.

गंमत अशी की ते रंगवलेले नाही, व्हायनिलवर छापलेले आहे आणि व्हायनिलविषयी माझी तक्रार आहे. हल्ली अनेक महापालिकांना ब्रशपेक्षा हेच सोयीचे वाटते. कलाकाराने घरून फाइल पाठवायची, ठेकेदाराने छापून पेटीला गुंडाळायची, खराब झाली की सोलून नवी लावायची. कॅलहनसाठी छपाई ही कल्पनेचीच गरज होती. इतरांसाठी ती नुसती सोय आहे. हाताने रंगवताना चित्रकार काही दिवस फुटपाथवर बसलेला असतो, येणारेजाणारे थांबतात, सल्ले देतात, एखादी आजी रंग बदलायला लावते. पेटीचित्राला मिळू शकणारा शेजार तो एवढाच. व्हायनिलने तोही काढून घेतला.

आणि पैसा. फिलाडेल्फियाने १९५९ मध्ये आणि सिएटलने १९७३ मध्ये बांधकामाच्या खर्चातला एक टक्का कलेला देण्याचे नियम केले. त्या रकमांपुढे पेटी म्हणजे चिल्लर. अमेरिकेतल्या अनेक गावांत एका पेटीमागे काही शे डॉलर मिळतात आणि रंगाचा खर्च बहुधा त्यातूनच करायचा असतो. ब्रिस्बेनचे रंगवणारे तर मुख्यतः स्वयंसेवक. हौसेने रंगवणाऱ्या शाळकरी मुलीबद्दल किंवा निवृत्त गृहस्थांबद्दल माझे काही म्हणणे नाही. त्या कामांत कधीकधी व्यावसायिकांपेक्षा जास्त जीव असतो. आक्षेप आहे तो हौशी श्रमाच्या जोरावर वार्षिक अहवालात ‘सार्वजनिक कला’ हे प्रकरण लिहिणाऱ्या महापालिकांवर.

आपल्याकडे पेट्यांपेक्षा भिंती जास्त रंगतात, पण तर्क तोच. २०१६ च्या ऑक्टोबरात ‘हमारा स्टेशन, हमारी शान’ या मोहिमेत हजारो स्वयंसेवकांनी मुंबईची उपनगरी स्थानके रंगवली, तीही स्वच्छतेच्याच नावाने. २०२२ मध्ये मुंबई महापालिकेने सुशोभीकरणासाठी सुमारे १७०० कोटींचा कार्यक्रम आखला. त्यात रोषणाई होती, रस्तेदुभाजक होते, पुलांखालच्या भिंतींवरची चित्रेही होती. अशी चित्रकामे निविदेतून, चौरस फुटाच्या दराने जातात. चौरस फुटाने मोजले की सगळ्यात परवडते ती वारली: गेरूची पार्श्वभूमी, पांढरे त्रिकोण, तारपानृत्याचा फेर आणि जागा उरलीच तर बैलगाडी. ज्या चित्रभाषेसाठी जिव्या सोमा मशे यांना पद्मश्री मिळाली, ती उड्डाणपुलाखाली भरणीच्या कामाला लागली. जिथली ही कला, त्या डहाणू-तलासरीच्या चित्रकाराला किती भिंती मिळाल्या, हे निविदेत विचारण्याची सोय नाही. म्हणजे ‘स्थानिक कलाकार’ ही अपेक्षा आपल्याकडे चित्राच्या शैलीने पूर्ण होते, माणसाने नव्हे.

याच मुंबईत चांगली कामेही झाली आहेत. २००९ मध्ये महापालिकेच्या परवानगीने तुळशी पाईप रोडची रेल्वेकडची लांबलचक भिंत शेकडो हातांनी रंगवली. त्यात गोंधळ होता, बेढब अक्षरे होती, विनोद होते, एकसारखेपणा नव्हता. २०१४ मध्ये रणजित दहिया आणि सहकाऱ्यांनी वांद्र्याच्या एमटीएनएलच्या इमारतीवर दादासाहेब फाळके चितारले. २०१७ मध्ये ससून डॉकच्या कलाप्रकल्पात कोळी माणसांचे चेहरे त्यांच्याच बंदराच्या भिंतींवर आले. पण यांतली बहुतेक कामे संस्था, प्रायोजक आणि कलाकारांच्या पुढाकाराने झाली. महापालिकेची तिजोरी तिथे नव्हती, आणि समितीही नव्हती.

पेट्यांचे आपल्याकडे आणखी एक त्रांगडे आहे ते मालकीचे. ब्रिस्बेनमध्ये सिग्नलची पेटी महापालिकेची, फुटपाथही महापालिकेचा. मुंबईत फुटपाथ पालिकेचा, त्यावरचा फीडर पिलर बेस्टचा किंवा खासगी वीज कंपनीचा, शेजारची टेलिफोनची पेटी एमटीएनएलची; पुण्यात डीपी महावितरणची. एका कोपऱ्यावरच्या तीन पेट्या रंगवायला तीन कार्यालयांची पत्रे लागणार. तोवर मूळव्याधीचे वैद्य, कोचिंग क्लासवाले आणि पॅकर्स-मूव्हर्स कुणाचेही पत्र न घेता त्या वापरत राहतात. सुरुवात करायचीच तर सिग्नलच्या पेट्यांपासून करावी. त्या पालिकेच्या असतात आणि त्यांच्यासमोर प्रेक्षक सक्तीने थांबलेला असतो.

पण करारात काय लिहायचे ते आधी ठरवावे. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचे दिल्लीच्या विज्ञान भवनातले भव्य ब्राँझ म्यूरल सरकारने १९७९ मध्ये त्यांना न विचारता उतरवून गोदामात टाकले. सेहगल कोर्टात गेले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सरकारला त्या कामाचे अवशेष त्यांना परत करायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितले. कलाकृती विकली तरी तिची मोडतोड होऊ नये हा कलाकाराचा नैतिक हक्क उरतो, हे त्या निकालाने ठसवले. पेटीला ब्राँझची प्रतिष्ठा नाही आणि पेटी बदलावी लागणारच. पत्रा गंजतो, यंत्रणा जुनी होते. म्हणून चित्र किती वर्षे राहील, गाडीने धडक दिली तर दुरुस्ती कुणाच्या खर्चाने, पेटी काढण्याआधी चित्रकाराला किती दिवस आधी कळवायचे, आणि तिच्या दारावरचा पत्रा त्याला नेता येईल का, एवढ्या चार ओळी निविदेत आल्या तरी चौरस फुटाच्या दराशेजारी चित्रकाराचे नाव लिहायला जागा करावी लागेल.