पंडिता रमाबाईंच्या पत्रव्यवहारातील त्रैक्याचा प्रश्न

प्रास्ताविक

ईश्वर एकच असून पिता, पुत्र व पवित्र आत्मा या तीन व्यक्तींत तो आहे, ही ख्रिस्ती धर्मातील त्रैक्याची शिकवण होय. पुत्र हा पित्याशी एकतत्त्व आहे, असे इ.स. 325 मधील निकीया धर्मपरिषदेने घोषित केले. मराठी समाजात या सिद्धांताची प्रखर चिकित्सा पंडिता रमाबाईंनी (1858-1922) केली. सिस्टर जेराल्डीन यांनी संकलित केलेला व अ. भि. शहा यांनी संपादित केलेला त्यांचा इंग्रजी पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने 1977 मध्ये प्रसिद्ध केला. या ग्रंथाच्या आधारे सदर प्रश्नाचा येथे विचार केला आहे.

विवेचन

रमाबाईंनी 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅम येथील महाविद्यालयात असताना, 1885 मध्ये, ख्रिस्ताचे ईश्वरत्व आणि त्रैक्य यांविषयी त्यांनी उघड शंका मांडल्या. अथानासियसच्या नावाने ओळखला जाणारा मतांगीकार त्यांना बंधनकारक वाटेना. भारतीय पुरोहितवर्गाचे जोखड झुगारल्यावर तसेच दुसरे जोखड स्वीकारणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. सिस्टर जेराल्डीन यांना यात अहंकार दिसला; प्राचार्या डोरोथिया बील यांनी मात्र शंकांना युक्तिवादाने उत्तर दिले.

या वादाकडे अभ्यासक बहुधा स्त्रीच्या व वसाहतीतील व्यक्तीच्या स्वातंत्र्याचा प्रश्न म्हणून पाहतात. हा दृष्टिकोन योग्य असला तरी अपुरा आहे. केवळ अधिकाराला विरोध करायचा असता तर त्यासाठी कोणताही सिद्धांत पुरला असता. रमाबाईंनी ख्रिस्तावरील श्रद्धा न सोडता नेमका हाच सिद्धांत तपासला. अनेक देवतांची उपासना मागे टाकून आलेल्या व्यक्तीस एकेश्वरत्व अबाधित राहते की नाही, हा प्रश्न मूलभूत वाटणे स्वाभाविक होते. म्हणून त्यांची शंका बंडखोरीइतकीच ईश्वरशास्त्रीयही ठरते.

तथापि, 1885 ची भूमिका अंतिम मानणे चुकीचे होईल. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, परंतु ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्यांनी 1907 च्या आत्मनिवेदनात नमूद केले. पुणे जिल्ह्यातील केडगाव येथील मुक्ती मिशनच्या कार्यात तारणारा ख्रिस्त हेच त्यांच्या श्रद्धेचे केंद्र राहिले. तसेच, पत्रांचे संकलन वादातील एका पक्षाने केले आहे, याचे भानही वाचकाने ठेवणे आवश्यक आहे.

निष्कर्ष

श्रद्धा आणि सिद्धांताला दिलेली संमती या एकच गोष्टी नव्हेत, हे या पत्रांतून स्पष्ट होते. रमाबाईंची शंका ही श्रद्धेची उणीव नसून श्रद्धेची जबाबदारी होती. पुढे हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर केले. ते त्यांच्या निधनानंतर 1924 मध्ये प्रसिद्ध झाले. धर्मग्रंथ स्वतः वाचून निर्णय घेण्याचा चेल्टनहॅममधील आग्रहच त्या परिश्रमात पूर्णत्वास गेलेला दिसतो.