माणसं वगळून इतिहास

अमेरिकेतल्या 'हिस्टरी' वाहिनीवर २०१० साली सुरू झालेल्या 'एन्शंट एलियन्स' या मालिकेने वेरूळचं कैलास लेणंही सोडलेलं नाही. एवढा डोंगर माणसांनी कोरला असेल? की परग्रहावरून कुणी मदतीला आलं होतं? निवेदक फक्त विचारतो. त्यामुळे पुरावा देण्याची जबाबदारी कुणावरच येत नाही.

एलियनवर माझा राग नाही. कल्पना म्हणून तो मजेशीरच आहे. राग आहे तो प्रश्न असा वापरण्यावर. १९९०च्या दशकात दूरदर्शनवर 'टर्निंग पॉइंट' लागायचं. त्यात प्रेक्षक प्रश्न पाठवायचे आणि यश पाल यांच्यासारखे वैज्ञानिक ते उलगडून सांगायचे. इथे मालिकाच प्रश्न विचारते आणि उत्तर न देताच पुढच्या प्रश्नाकडे वळते.

खरं तर कैलास लेण्याबद्दल बरंच सांगता येतं. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिल्या कृष्णाच्या काळात, बेसॉल्टचा कडा वरून खाली कोरत आणला. पाथरवटांच्या छिन्नीचे घाव आजही दिसतात. पुढच्याच शतकातल्या बडोदा ताम्रपटात या मंदिराचं वर्णन आहे. त्यात खुद्द स्थपतीच थक्क होतो, की हे माझ्या हातून घडलं तरी कसं!

आश्चर्य तेव्हाही होतंच. पण ताम्रपट लिहिणाऱ्याने ते घडवणाऱ्या माणसाच्या तोंडी घातलं. मालिकेने त्या माणसालाच गायब केलं. पुढच्या वेळी असं 'रहस्य' फॉरवर्ड करण्याआधी लेण्याचा एखादा फोटो झूम करा. छिन्नीच्या खुणा शोधा.